गॅलरीतला ‘हमिंगबर्ड’ नेमका कोण?

पाऊस ओसरायला लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. कुंडीतल्या फुलासमोर काहीतरी इवलंसं हवेत जागच्या जागी तरंगतंय, पंखांचा नुसता धूसर पट्टा दिसतोय आणि तोंडातून निघालेलं लांब, बारीक काहीतरी फुलात शिरलंय. खाली लिहिलेलं असतं, ‘आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड!’ मग अंगठे आणि बदाम. मग बी विंगमधले कुणी काका लिहितात, ‘हमिंगबर्ड नाही हो, सूर्यपक्षी आहे तो. भारतात हमिंगबर्ड नसतात.’ काकांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण व्हिडिओतला जीव बहुतेक वेळा सूर्यपक्षीही नसतो. तो पक्षीच नसतो. तो असतो पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांच्याच मोठ्या गोतावळ्यातला एक कीटक.

एक कीटक आणि एक पक्षी यांच्यात आपली अशी गल्लत व्हावी, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्ग अभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. तिथे हमिंगबर्ड समजून आपण पतंगावरच बंदूक झाडली, आणि तीही अनेकदा, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्या भागातले लोक तर या दोघांपैकी एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं असं ठामपणे मानत. तेव्हा मोबाईलच्या हलत्या व्हिडिओवर भांडणाऱ्यांना माफ करायला हरकत नाही.

आधी हमिंगबर्डचा निकाल लावू

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि आज त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि आसपासच्या बेटांवरच सापडतात. भारतात एकही नाही. जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारखे जीवाश्म सापडल्याचं २००४ साली जाहीर झालं. म्हणजे कधीकाळी हे घराणं युरोपातही होतं. पण तिथून ते नाहीसं झालं आणि आपल्या वाट्याला आलंच नाही.

गंमत पुढे आहे. मुंबईत हमिंगबर्डचा जवळचा नातेवाईक शोधायचा असेल तर फुलांकडे बघून उपयोग नाही, जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली बघायला हवं. तिथे घरटी करून राहणारी आणि संध्याकाळी थव्याने किंचाळत फिरणारी पाकोळी ही हमिंगबर्डच्या घराण्याला जवळची आहे. हमिंगबर्डसारखा दिसणारा सूर्यपक्षी मात्र नात्याने कावळ्याचा आणि चिमणीचा. दिसण्यावरून नातं ठरवायला गेलं की असं फसायला होतं.

मग आपले दोन उमेदवार कोण?

पहिला पक्षी. मराठीत त्याला शिंजीर म्हणतात, सूर्यपक्षी हेही नाव चालतं. मुंबईत त्याच्या दोन जाती सर्रास दिसतात. एक जांभळा शिंजीर. याचा नर विणीच्या काळात दुरून काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. दुसरी जात पोटाने पिवळी, नराची पाठ गडद तांबूस आणि कंबर जांभळी. दोन्ही जातींच्या माद्या साध्या, वरून मातकट आणि खालून पिवळट. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, त्यात बाकदार चोच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर नशिबाने व्हिगर्सचा शिंजीरही दिसेल. तो लालभडक असतो आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर फारसा कुठे भेटत नाही. पण गॅलरीत येणारे ते पहिले दोघेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या आरशावर तासन्‌तास चोची मारणारा वेडा पक्षी बघितला असेल, तर तो बहुधा शिंजीराचा नर. आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसत असतो.

दुसरा पतंग. याच्या कुळाला हॉकमॉथ म्हणतात. अंगाने भरदार, पंख निमुळते आणि वेग जबर. मुंबईत दिवसाउजेडी दिसणाऱ्यांपैकी एक आहे सेफोनोड्स हायलस. हिरवट-पिवळं जाड शरीर, मध्ये तांबूस पट्टा, शेपटाकडे काळ्या केसांचा झुबका आणि काचेसारखे आरपार दिसणारे पंख. कोषातून बाहेर येतो तेव्हा या पंखांवर इतर पतंगांसारखेच खवले असतात, पण पहिल्या भरारीतच ते झडून जातात. उरलेल्या पारदर्शक पंखावर डोळ्याला न दिसणारे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे पंखावरून प्रकाश फारसा परावर्तित होत नाही. चष्म्याच्या दुकानात ज्या ‘अँटिग्लेअर’साठी आपण वरचे पैसे मोजतो, ते या किड्याला जन्मजात मिळालेलं असतं. त्याचेच मॅक्रोग्लॉसम गटातले भाऊबंदही मुंबईत असतात. ते तपकिरी असतात आणि व्हिडिओत हमिंगबर्ड म्हणून तेही तितकेच खपतात.

‘पतंग तर रात्री उडतात ना?’ बहुतेक जाती रात्रीच्याच. पण हॉकमॉथच्या काही जाती दिवसा, विशेषतः सकाळी आणि तिन्हीसांजेला फुलांवर येतात. त्याच वेळेला आपण चहाचा कप घेऊन गॅलरीत असतो, म्हणून नेमके ते दिसतात.

ओळखायचं कसं?

बसला तर शिंजीर. फुलाच्या देठावर, फांदीवर, ग्रिलवर, कुठेतरी तो टेकणारच, आणि टेकला की ‘चिक् चिक्’ करत मान वळवणार. पतंग एका फुलावरून दुसऱ्यावर सरकत राहतो, पिताना बसत नाही. व्हिडिओ थांबवून डोकं मोठं करून बघा. दोन जाडसर मिशा दिसल्या तर विषय संपला, कारण पक्ष्याला मिशा नसतात. फुलापासून बाजूला होताना ‘चोच’ गुंडाळली गेली तर तीही चोच नव्हे, सोंड. आणि हो, पतंग डंख मारत नाही, चावत नाही. घरात शिरला तर खिडकी उघडी ठेवा, दिवा बंद करा, तो जाईल.

नातं नाही, तरी दोघं सारखे कसे?

एखादा माणूस कुणासारखा दिसला की आपण आधी नातं शोधतो. इथे तसं काही नाही. पक्षी आणि कीटक यांचा शेवटचा समान पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही आधी समुद्रात होता. त्याला पंख नव्हते, चोच नव्हती, आणि फुलं तर तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हती. पुढे दोन्ही घराणी आपापल्या वाटेने गेली आणि कोट्यवधी वर्षांनंतर एकाच फुलासमोर येऊन उभी राहिली.

नातं नसलेल्या जीवांमध्ये सारख्या गरजेपोटी सारखी ठेवण येते, त्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शब्द जड आहे, तो इथेच ठेवू. प्रश्न असा की गरज कोणाची? माझ्या मते हे सगळं समजून घ्यायची किल्ली पक्ष्यात नाही, पतंगातही नाही. ती फुलात आहे. फुलाला आपले परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोचवायचे असतात आणि त्याची मजुरी ते मकरंदाच्या रूपात देतं. पण हा मकरंद उघड्यावर ठेवला तर मुंगीपासून माशीपर्यंत सगळे फुकट खाऊन जातील. म्हणून अनेक फुलं तो लांब नळीच्या तळाशी ठेवतात. नळी जितकी खोल तितकं गिऱ्हाईक निवडक. अशा फुलापुढे टिकायचं तर लांब आणि बारीक अवजार लागतं, शरीर हलकं लागतं आणि पिताना तोंड फुलाच्या तोंडाशी स्थिर ठेवता यावं लागतं. या अटी दोघांसाठी सारख्याच होत्या, म्हणून लांबून दोघांचा आकार सारखा झाला.

हे नुसतं बोलणं नाही, याचा एक गाजलेला पुरावा आहे. मादागास्करमधल्या एका पांढऱ्या ऑर्किडच्या फुलाला जवळपास ३० सेंटिमीटर लांबीची मकरंदाची नळी असते. चार्ल्स डार्विनने १८६२ साली ते फूल बघून सांगितलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. त्याच्याच काळातल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग अभ्यासकाने १८६७ साली पुढे जाऊन सांगितलं की तो हॉकमॉथ असणार. काही लोकांनी तेव्हा ही कल्पना हसण्यावारी नेली. १९०३ साली तशा सोंडेच्या हॉकमॉथची नोंद झाली. तोवर डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

आता जवळ जाऊन बघितलं तर सारखेपणा भराभर विरतो. शिंजीराची चोच हाडाची, वर कठीण आवरण. ती कायम तेवढीच लांब राहणार आणि उडताना, झोपताना, पिल्लांना भरवतानाही सांभाळावी लागणार. खरं काम चोचीच्या आतली नळीसारखी जीभ करते. पतंगाची सोंड म्हणजे दोन अर्ध्या नळ्या. कोषातून बाहेर आल्यावर तो त्या एकमेकींना जोडून एक अखंड नळी करतो, मग डोक्यातल्या पंपाने रस ओढतो. काम झालं की गुंडाळी हनुवटीखाली. गुंडाळता येते म्हणूनच ती ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकली. तेवढी चोच घेऊन दहा सेंटिमीटरचा पक्षी कुठे जाणार?

पंखांचंही तेच. शिंजीराचा पंख हा मुळात हात आहे. खांदा, दंड, कोपर, मनगट, सगळं आपल्यासारखंच. पतंगाच्या पंखाचा हातपायांशी काही संबंध नाही. ते छातीच्या कवचातून निघालेले पातळ पडदे आहेत. छातीतले मोठे स्नायू ते कवच दाबतात आणि सोडतात, त्याने पंख वरखाली होतात. श्वास घ्यायला पक्ष्याला फुप्फुसं आहेत. पतंगाला फुप्फुसं नाहीत. अंगावरच्या छिद्रांतून निघालेल्या बारीक नळ्या प्राणवायू थेट स्नायूंपर्यंत नेतात, रक्ताची मध्यस्थी लागत नाही.

हवेत थांबणं शिंजीराला का जमत नाही?

जमतं, पण थोडा वेळ. अडलंच तर तो फुलासमोर दोन-चार क्षण पंख मारत राहतो आणि लगेच कशाला तरी धरतो. नेमका तेवढाच क्षण कॅमेऱ्यात आला की ग्रुपवर पुन्हा हमिंगबर्ड.

पतंगाच्या युरोपातल्या एका भावाचे पंख सेकंदाला ७० ते ८० वेळा हलतात. नुसत्या वेगाने भागत नाही. हॉकमॉथच्या पंखांतून जेवढा उचल, म्हणजे वर उचलून धरणारा जोर, मिळतो, तो विमानाच्या पंखाच्या गणिताने कमी पडायचा. १९९६ साली केंब्रिजमधल्या संशोधकांनी धुराच्या झोतात पतंग उडवून आणि त्याच्या पंखाची मोठी यांत्रिक प्रतिकृती करून दाखवलं की पंख खाली येताना त्याच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होतो आणि पंखाला चिकटून राहतो. वरच्या अंगाला दाब कमी होतो, उचल वाढतो. शिवाय पतंग पंख परत नेताना तो उलटा फिरवतो, त्यामुळे येता-जाता दोन्ही वेळा उचल मिळतो. पक्ष्यांना साधारणपणे पंख वर नेण्यातून काही फारसं मिळत नाही. हमिंगबर्ड खांद्यातून पंख वळवतो, म्हणून त्याला निदान पाव भाग वजन वरच्या फटक्यात पेलता येतं, हे २००५ साली मोजून दाखवलं गेलं. शिंजीराचा खांदा असा वळत नाही.

अर्थात हे सगळं फार महाग पडतं. उडण्याआधी पतंगाला स्नायू थरथरवून छाती तापवावी लागते, जवळपास ४० अंशांपर्यंत. तुम्ही बसलेला हॉकमॉथ हलकेच कापताना बघितला असेल तर तो घाबरलेला नसतो, इंजिन गरम करत असतो. मुंबईकराला सांगायचं तर पतंग हा फास्ट लोकलमध्ये कशालाही न धरता, उभ्याउभ्या डबा खाणारा प्रवासी आहे. शिंजीर डाऊन करून, म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीत चढून, आधी जागा पकडतो आणि खिडकीशी बसून खातो. पहिल्याला गर्दीत कुठेही खाता येतं, पण अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते. दुसऱ्याचं सगळं जागेवर अवलंबून. जागा नसेल तर उपाशी.

आणि ही जागा फुलंच राखून ठेवतात, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत लोभस वाटतं. दक्षिण आफ्रिकेत बाबियाना रिंजेन्स नावाची एक वनस्पती आहे. तिची लाल फुलं जमिनीलगत उमलतात आणि त्यांच्या वर एक नुसता दांडा उभा असतो. त्या दांड्यावर एकही फूल उमलत नाही. तो शिंजीराच्या भाऊबंदांना बसायला आहे. पक्षी दांडा धरून उलटा लटकतो, फुलात डोकं घालतो आणि छातीवर पराग घेऊन जातो. दांडा तोडला की फुलाला कमी बिया धरतात, हे प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे. उलट दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत येऊन माजलेलं तंबाखूच्या जातीचं एक झुडूप आहे. ते मुळात हमिंगबर्डसाठी घडलेलं असल्यामुळे त्यावर बसायला जागा नाही. तिथे शिंजीराचे भाऊबंद चक्क हवेत थांबून पिताना आढळले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे अंगात कला थोडीफार आहे. आपल्याकडच्या फुलांनी ती कधी मागितली नाही इतकंच.

लाल फूल पक्ष्याचं, पांढरं फूल पतंगाचं. खरं का?

ढोबळ मानाने खरं. पळस, पांगारा, काटेसावर ही आपली लाल-केशरी झाडं बघा. फुलं मोठी, उघडी, दिवसभर मकरंदाने भरलेली आणि वासाला जवळपास नगण्य. पक्ष्यांना लाल रंग स्वच्छ दिसतो, वासावर त्यांचा फारसा भर नसतो. निशिगंध आणि रातराणी यांचं गणित उलटं. रंग फिका, नळी लांब आणि वास अंधार पडल्यावर दरवळतो. हे पतंगांना बोलावणं आहे. ज्या युरोपीय हॉकमॉथच्या डोळ्यांचा बराच अभ्यास झालाय त्याला अतिनील, निळा आणि हिरवा अशा तीन रंगांच्या पेशी आहेत. लालसाठी वेगळी पेशी नाही. पण पतंगांना कमी लेखू नका. आणखी एका युरोपीय हॉकमॉथला नुसत्या चांदण्याच्या उजेडात, जिथे आपल्याला सगळं करडंच दिसतं, तिथेही रंग ओळखता येतात, हे २००२ साली सिद्ध झालं.

‘पण आमच्या लालभडक एक्झोऱ्यावर पतंग येतो की!’ येणारच. भूक लागल्यावर नियम कोण पाळतं? नळीत रस आहे हे एकदा कळलं की पतंग ते लक्षात ठेवतो. शिंजीरही पांढऱ्या फुलाला नाही म्हणत नाही. शिंजीराचा दुसरा एक उद्योग तर याहून वाईट. जास्वंदासारख्या मोठ्या फुलात समोरून शिरण्याचे कष्ट न घेता तो बुडाशी भोक पाडतो, रस पितो आणि निघून जातो. परागकणाला हात न लावता. मजुरी घेतली, काम केलं नाही. जास्वंदाच्या बुडाशी बारीक चीर दिसली तर संशयित कोण ते तुम्हाला आता माहीत आहे.

गाणारा एक, दुसरा मुका?

शिंजीर गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटातला. कावळा याच गटातला आहे म्हटल्यावर अनेकांचा चेहरा पडतो, पण गट गळ्याच्या रचनेवरून ठरतो, गोडव्यावरून नाही. पतंगाला गळा नाही. त्याच्या पंखांची गुणगुण तेवढी ऐकू येते. तरी सगळे हॉकमॉथ मुके नाहीत. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, आपल्याकडे तिळाच्या पानांवर वाढणारा हॉकमॉथ पकडला की सोंडेतून हवा काढून चिरकतो. आणि काही जाती वटवाघूळ जवळ आल्यावर आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज काढून त्याला उत्तर देतात, हे बोर्निओत केलेल्या कामातून २०१३ साली समोर आलं.

यात आपल्या गॅलरीचा काय संबंध?

आतापर्यंत आपण दोघांना फक्त पिताना पाहिलं. पण मकरंद म्हणजे साखरेचं पाणी. त्यावर उडता येतं, अंग वाढवता येत नाही. वाढीच्या वयात दोघांनाही वेगळंच काही लागतं, आणि इथे दोघांच्या वाटा एकमेकींना अगदी अनपेक्षित ठिकाणी छेदतात.

पतंगाची मादी एकेक अंडं पानावर ठेवते आणि निघून जाते. पुढची सगळी वाढ अळीच्या अवस्थेत, पानं खाऊन. सेफोनोड्सच्या अळीला ठरावीक कुळातली झाडंच चालतात. त्यातलं मुंबईच्या गॅलरीत हमखास असणारं झाड म्हणजे अनंत. त्यावर शेपटाशी काटा असलेली जाड हिरवी अळी दिसली तर ती याची असण्याची शक्यता मोठी. काटा बघून घाबरू नका, तो मऊ आणि निरुपद्रवी असतो.

शिंजीराची मादी वेलीला, फांदीला, कधी कपडे वाळवायच्या तारेला लोंबती पिशवी विणते. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी. बांधायला कोळ्याची जाळी, वरून सालीचे तुकडे, आणि त्यात अळ्यांची विष्ठाही चिकटवलेली असते. दुरून बघणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला कचरा वाटतो, आणि घरट्याच्या दृष्टीने ते फायद्याचंच. अंडी सहसा दोन, ती साधारण दोन आठवडे मुख्यतः मादी उबवते. पिल्लं निघाली की आई-बाप दोघं लागतात कामाला. ते भरवतात काय? कोळी, माशा, मऊ अळ्या. फुलातला रस पिल्लांच्या अंगी प्रथिनं लावू शकत नाही.

म्हणजे शिंजीराला घर बांधायला कोळी लागतो आणि पोरं वाढवायला अळी. पतंगाला तर मुळात अळीच व्हावं लागतं. आता आपण काय करतो? गॅलरीत फुलझाडं लावतो आणि पानाला एक भोक दिसलं की औषध मारतो. जाळी दिसली की झाडू. बाग स्वच्छ होते, फुलंही येतात, आणि मग पक्षी का येत नाहीत म्हणून आपण ग्रुपवर विचारतो.

‘पण पानं खाल्ली तर झाड मरेल ना?’ अळी पानं खाते, मुळं किंवा खोड खात नाही. चांगलं मुरलेलं अनंताचं झाड अर्धी पानं गेली तरी पुन्हा फुटतं. अगदी नवं, दोन फुटी रोप असेल आणि त्यावर चार-पाच अळ्या असतील तर मात्र प्रश्न खरा आहे. अशा वेळी मी फांदीसकट अळ्या उचलून खालच्या बागेतल्या मोठ्या अनंतावर ठेवते. दुसऱ्या कुठल्याही झाडावर ठेवून चालत नाही, उपाशी मरतात.

त्यापेक्षा साखरपाण्याची बाटली टांगली तर?

अमेरिकेत हमिंगबर्डसाठी तशा बाटल्या सर्रास टांगतात. इथे शिंजीरही बाटली शोधून काढतो, हुशार आहे. पण मुंबईच्या उकाड्यात साखरपाणी लवकर आंबतं, बाटलीत बुरशी धरते, आणि रोज धुण्याचा उत्साह आठवड्याभरात मावळतो. मध घालणं, लाल रंग मिसळणं हे तर नकोच. त्याऐवजी घाणेरीच्या जातीचं नसलेलं एखादं बारमाही फुलझाड, एक अनंत आणि एक कोपरा, जिथे कोळ्याच्या जाळ्याला हात लावायचा नाही, एवढं पुरतं. घाणेरीवर दोघंही येतात हे खरं, पण तिने राष्ट्रीय उद्यानातल्या जमिनीवर केवढा कब्जा केलाय ते पाहिलं तर तिला कुंडीत मान द्यावासा वाटत नाही.

अळी दिसेनाशी झाली, म्हणजे पक्ष्याने खाल्ली?

कदाचित. पण दोन-तीन आठवडे पानं खाऊन जाडजूड झालेली अळी अचानक गायब झाली असेल तर आधी कुंडीकडे बघा. कोष करायची वेळ आली की ती झाडावरून उतरते आणि पाल्याखाली किंवा मातीच्या वरच्या थरात शिरते. नेमक्या याच वेळी कुणीतरी खुरपं घेऊन माती भुसभुशीत करायला बसतं आणि तपकिरी कोष शेंगेचं टरफल समजून कचऱ्यात जातो. निदान दोन-तीन आठवडे त्या कुंडीची माती उकरू नका, पाणी मात्र नेहमीसारखं घाला. कुंडी पावसाच्या थेट माऱ्यात असेल तर थोडी आत सरकवा, पाणी साचलं की कोष कुजतो.